पाठीला कळणारी थरथर

सरहद्दीवरच्या त्या पोस्टवर माझी पोस्टिंग झाली तेव्हा मी लान्स नायक होतो. जाफराबादचा माणूस, कपाशीत वाढलेला. बर्फ पहिल्यांदा तिथंच पाह्यला. जोडीदार शिपाई रहीम, आपल्याच जिल्ह्यातल्या शहागडचा. ड्यूटीला आम्ही पाठीला पाठ लावून बसायचो. त्याचं तोंड नाल्याकडं, माझं डोंगराकडं. तेवढीच ऊब भेटायची. थंडीनं अंग आतून थरथरायचं. बाहेरून दिसायचं न्हाई, पण पाठीला कळायचं.

"जाधव, तेरा इंजन चालू है," रहीम म्हणायचा.

"चालू है मतलब जिंदा है," मी म्हणायचो.

हेच आमचं रेडिओ चेक. रोज तेच, बेट्याला दुसरं काही सुचायचंच न्हाई!

एका सकाळी शेलिंग सुरू झालं. टेलिफोनची लाइन तुटली. सेक्शन कमांडर ओरडले, "लाइन जोडो, जल्दी!" मी उठलो, तर रहीमनं खांदा दाबून मला खाली बसवलं.

"तू आगे देख. मैं आया."

लाइन जुळली. हेडक्वार्टरचा आवाज आला. रहीम आला न्हाई. त्या दिवशी माझी पाठ गार पडली, ती गारच राह्यली.

आता मला पार्किन्सन हाय. उजवा हात थोडा हलतो, ते लोकांना दिसतं. खरा त्रास आतला. पोटापासून मानेपर्यंत पिठाची चक्की चालल्यावानी घरघर चालू राहते. बायको छातीवर हात ठेवून म्हणते, "कुठं काय हो, अंग तर शांत हाय." मंग मी चिडतो. गोळी लागू पडली की बरं वाटतं, असर उतरला की चक्की पुन्हा चालू. जालन्याच्या डॉक्टरांनी बजावलंय, गोळी जेवणाच्या आधी घ्या. दूध-मटणासोबत घेतली तर नीट लागू पडत न्हाई.

दरवर्षी रहीमच्या बरसीला मी शहागडला जातो. कबरीपुढं एक सॅल्यूट ठोकतो. बस, तेवढंच माझं काम. यंदा हात सरळ राहावा म्हणून गोळीची वेळ बराबर जुळवून गेल्तो. पण दारात पाय ठेवला अन् त्याच्या अम्मीनं खिरीचा वाडगा हातात दिला. रहीमच्या आवडीची खीर. ऐंशीच्या पुढची बाई, सकाळपासून चुलीपुढं बसलेली.

"पहले खा, बेटा."

आता ह्या माउलीला मी दुधाचं पथ्य सांगू? खाल्ली, वाडगा पुसून खाल्ली. वरून गोळी घेतली. बिलकुल वाया गेली.

कबरीपुढं सावधान झालो अन् आतली चक्की सुटली. हात वर जाईना. लई लाज वाटली, डोळे भरले. सोबत रहीमचा धाकटा भाऊ युसूफ होता. आमच्या ड्यूटीची गोष्ट त्यानं दरवर्षी माझ्याच तोंडून ऐकलेली. तो मागं आला, अन् माझ्या पाठीला पाठ लावून उभा राह्यला.

थोड्या वेळानं म्हणाला, "भाईजान, इंजन चालू है."

बायकोच्या हाताला जे कधी लागलं न्हाई, ते ह्याच्या पाठीला लागलं. माझा हात हलत हलत कपाळापर्यंत गेला. सॅल्यूट झाला.

युसूफ उत्तराची वाट पाहत थांबला. उत्तर ठरलेलं होतं, पण समोर रहीमची कबर. तिथं 'जिंदा है' काही माझ्यानं बोलवलं न्हाई.