दोन मंडपांची सोयरीक

आयुष्यात मी एकच लग्न जमवलं आणि ते चांगलं टिकलंय. नवराबायको सुखात आहेत, अंगणात रांगतं मूल आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात त्या दोघांचा काही दोष नाही. असलाच तर माझा आहे.

मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वैशाखऱ्याच्या जरा अलीकडे, माझं शिवणाचं दुकान आहे. वर्षभर ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. दिवाळी सरली की मंडपाचं काम सुरू होतं. कनाती उसवतात, झालरी फाटतात, उंदीर छताला भोकं पाडतात. ते सगळं माझ्याकडे येई, आणि येई ते दोन घरांतून. एक मंडपवाला शेणव्याचा, दुसरा वैशाखऱ्याचा. दोघांकडे मंडप, खुर्च्या, जनरेटर, भोंगे, आणि दोघेही जत्रांमध्ये गाण्यांचे कार्यक्रम लावत. एकाचं कापड निळं-पिवळं, दुसऱ्याचं लाल-पांढरं. एकाचं काम चालू असताना दुसऱ्याचं गाठोडं मी टेबलाखाली लपवत असे. तरीही त्यांना पत्ता लागायचाच.

माघातल्या आमच्या जत्रेत रस्त्याच्या या अंगाच्या शेतात निळा मंडप आणि त्या अंगाच्या शेतात लाल. भात कापून झालेलं असतं, खुंटं पायाला टोचतात, पण जागा मोकळी असते. सकाळपासून दोघांच्या रिक्षा भोंगे लावून गावभर फिरायच्या. एकाने तिकीट तीस रुपये सांगितलं की तासाभरात दुसऱ्याचं पंचवीस. एकदा निळ्याने ओरडून सांगितलं, "बायकांना आज फुकट!" तेव्हा लालवाल्याने पुरुषांनाही अर्ध्यात घेतलं. त्या दोघांना एकमेकांचं तोंड पाहवत नसे, आणि आम्ही गावकरी त्यांच्या भांडणावर पोसलेले. वाडीतल्या बायका पोरं कडेवर घेऊन रांगेने यायच्या, दोन्ही तंबूंच्या तोंडाशी उभ्या राहून भाव ऐकायच्या आणि मग कुठे शिरायचं ते ठरवायच्या. ऐट बघावी त्यांची!

ही वाडी गावाच्या कडेला. तिथल्या बहुतेकांना स्वतःची जमीन नाही. पावसाळ्यात आमच्यासारख्यांच्या शेतावर मजुरी, आणि दिवाळीनंतर बाडबिस्तरा बांधून भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर. तिथली एक मुलगी आवणीला आमच्या शेतात यायची आणि भात लावताना गायची. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण ती गायला लागली की बांधावरचा माणूस थांबायचा हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वैशाखऱ्याच्या मंडपवाल्याने तिला एकदा जत्रेत दोन गाणी दिली. पुढच्याच आठवड्यात शेणव्याचा माणूस वाडीत हजर.

गाण्याचा हंगाम आणि भट्टीचा हंगाम एकच, कार्तिकापासून चैत्र-वैशाखापर्यंत. त्यामुळे त्या मुलीच्या गळ्याचा अर्थ अगदी सरळ होता. जत्रांमध्ये गाणं मिळालं तर भट्टी नाही. आई जायची, ती मागे राहायची. चार वर्षं ती भट्टीवर गेली नाही. तिचा पहिला घागरा मीच शिवला. हिरवा, काठाला टिकल्यांची पट्टी लावलेला.

एका हंगामात तिने दोघांनाही एकच मागणं घातलं: कार्यक्रम संपल्यावर जीपने वाडीपर्यंत सोडा आणि कपडे बदलायला कनातीआड बंद जागा द्या. शेणव्याचा माणूस हसला. म्हणाला, "राणीसाहेबांना जीप पायजे." ती म्हणाली, "मग नाय." एवढंच. उठली आणि घरात गेली. चार दिवसांत वैशाखऱ्याची जीप ठरली, आणि बंद जागेसाठी लागणारी कनात शिवायला माझ्याकडे आली. ते काम करताना मला फार बरं वाटलं होतं.

आता माझा पराक्रम सांगते. शेणव्याच्या घरी त्यांच्या मुलीच्या ब्लाउजची मापं घ्यायला गेले होते. आई म्हणाली, "काकी, पोरीसाठी स्थळ बघतोय, तुमी चार घरं फिरता." वैशाखऱ्याचा मुलगा माझ्या डोळ्यांसमोर होता. शिकलेला, निर्व्यसनी, मऊ बोलणारा. मी टेप गळ्यात टाकून म्हटलं, "बघता कशाला लांब? वैर आहे म्हणून सोडायचं होय?" आधी दोन्ही घरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण मीही हात धुऊन मागे लागले. सहा महिने माझं तोंड बंद नव्हतं. शेवटी वैशाखात लग्न लागलं.

लग्नाचा मंडप अर्धा निळा-पिवळा, अर्धा लाल-पांढरा. दोन्ही छतं मधोमध मीच जोडली, दुहेरी शिवण घालून. दोन बापांनी एकमेकांना मिठी मारली तेव्हा पाच गावच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मध्यस्थ म्हणून साडी मिळाली, आणि दोन्ही घरांनी सांगितलं की आता आपल्या प्रत्येक कार्यक्रमाला पुढची खुर्ची तुमची. मी अक्षता टाकल्या, सगळ्यांनीच टाकल्या. त्या दिवशी नेमकं काय एक होतंय हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पहिल्या माघात एकच मोठा तंबू लागला. लोक म्हणाले, बरं झालं, गोंगाट कमी झाला. रिक्षा एकच फिरली आणि तिने भाव एकदाच सांगितला. साठ. दुसऱ्या वर्षी शंभर. कनातीच्या जागी पत्रे आले, पुढे सोफे आले. तिकीट मोबाइलवर काढायचं झालं. मी पुढच्या खुर्चीवर बसत होते, शाल पांघरून, आणि मला खरंच काही दिसलं नाही. तिकीट काढावं लागत नाही त्याला भाव कळत नाही. लोक कुरकुरत, तर मी म्हणायची, महागाई आहे, डिझेल वाढलंय. लाज वाटते, पण असंच म्हणायची.

तिसऱ्या वर्षी, जत्रेच्या संध्याकाळी पाचच्या सुमारास, तंबूकडे जाताना त्या गाणाऱ्या मुलीची आई तिकिटाच्या खिडकीशी उभी दिसली. मुकादमाकडून दोन दिवसांची सुटी मागून आली होती. पायांना भट्टीची लाल धूळ तशीच.

"बाय, पोरीला ऐकायचंय," ती म्हणाली. "कवा ऐकली नाय तिला मांडवात. मी असते तिकडं."

खिडकीतला मुलगा म्हणाला, दीडशे, आणि वर वीस रुपये सोयीचे.

"कसली सोय?" मी विचारलं.

"ऑनलाइनची."

"अरे, ही इथे तुझ्यासमोर उभी राहून काढतेय ना?"

"सिस्टिम तशीच हाय काकी. मी काय करू?"

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, गाणारीची आई आहे, तिला पास दे. तो म्हणाला, कलाकारांच्या घरच्यांचे पास बंद झालेत. मी म्हटलं, मग माझा पास घे आणि हिला सोड. तर माझा पास माझ्या मोबाइलवर, माझ्या फोटोसकट. दुसऱ्याला चालत नाही. मी पैसे काढले तर तिने माझा हात धरला. तिच्या हाताला सालपटं निघाली होती. म्हणाली, "नको बाय. पोरीला कळंल का आयशीला दुसऱ्यानी आत नेली. मग ती गायाची नाय नीट."

माझी खुर्ची आत रिकामी होती. आम्ही दोघी रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसून राहिलो. पत्र्यांच्या आत सगळं घुमत होतं, शब्द कळत नव्हते. मला दोन गायिकांतला फरकही कळेना. ती मात्र मान खाली घालून ऐकत होती. एक आवाज सुरू झाला की म्हणायची, "ही नाय." मग एकदम तिने बोट वर केलं आणि ते गाणं संपेपर्यंत खाली घेतलं नाही. असं दोनदा झालं. मग ती उठली, कारण भट्टीकडे परत जाणारा टेम्पो सहाला नाक्यावर यायचा होता. मला रडू आवरलं नाही. ती रडली नाही.

दुसऱ्या दिवशी मी वैशाखऱ्याला गेले. ओटीवर दोन्ही व्याही चहा पीत बसले होते. अगदी भावासारखे. मी जे मनात होतं ते बोलले: तिकीट कमी करा, कलाकारांच्या घरच्यांना आत घ्या, पोरीची जीप का बंद केलीत?

शेणव्याचे व्याही शांतपणे म्हणाले, "काकी, पयले आमी तुमाला खूष करत नव्हतो. एकमेकाला जिरवत होतो. आता कोनाला जिरवायचंय?"

आणि वैशाखऱ्याचे हसून म्हणाले, "भांडान तुमीच मिटवलंत ना?"

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरोखर माझे आभारच मानायचे होते. सुनेने बशीत बिस्किटं आणून दिली, पायाला हात लावला. मी चहा पिऊन घरी आले.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते हळूहळू कळत गेलं. जीप गेली होती, बदलायची जागा गेली होती, गाण्याचे पैसे निम्म्यावर आले होते. तिकीट वाढलं आणि गाणारीचं कमी झालं, दोन्ही एकाच तंबूत. तिने पूर्वीसारखंच मागितलं. उत्तर मिळालं, जमत असेल तर ये. ती पूर्वीसारखंच "नाय" म्हणून उठली. पण या वेळी चार दिवसांनी वाडीत कुणी आलं नाही. आठ दिवसांनीही नाही. तिने एका गावच्या मंडळाकडे विचारलं. त्यांचे भोंगे यांच्याकडून भाड्याने. दुसऱ्या गावी हळदीत गायला ठरली. तिथला जनरेटर यांचा. त्यांनी कुणाला दम दिला नाही, शिवी दिली नाही. नुसतं म्हणाले, ती गाणार असेल तर आमचं सामान मोकळं नाही. मुरबाडपासून शहापूरपर्यंत दुसऱ्या कुणाचं सामान शिल्लक होतं तरी कुठे?

मी तिला दुकानात बोलावून म्हटलं, जरा नमतं घे, त्यांच्याकडे परत जा. ती म्हणाली, "मावशी, मी पयले नाय म्हनायची ते माझ्या जोरावर नाय. दुसरा होता म्हनून."

हे सगळं मला कळायला तीन वर्षं, एक साडी आणि एक पुढची खुर्ची लागली. तिला ते एका वाक्यात सांगता येत होतं.

गेल्या दिवाळीनंतर ती आईबरोबर भट्टीवर निघाली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी दुकानात आली आणि टेबलावर हिरवा घागरा ठेवला. म्हणाली, "ह्याचा गोधडीला अभ्रा करून द्या. घेर मोठा हाय, पुरंल. तिकडं थंडी लय."

मी घागरा तिच्याकडे सरकवला. म्हटलं, "मी नाही कापणार. घरी नेऊन ठेव. पुन्हा घालशील."

मला वाटलं, मी तिची बाजू घेतेय. तिच्या वतीने कुणीतरी "नाही" म्हणायला हवं होतं आणि ते मी म्हणत होते. आवाजही चढला माझा. "कुणीही सांगितलं तरी कापणार नाही," मी म्हटलं.

ती भांडली नाही. बाकावर बसली. रस्त्यावरून गेलेल्या एसटीची धूळ तिने घागऱ्यावरून झटकली. मग ती अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाली, "मावशी, नाक्यावरचा शिंपी कल्यानला गेला, दोन सालं झाली. तुमी नाय म्हनालात तर मी कुनाकडं जाऊ?"

तो शिंपी गेला तेव्हा मी पेढे वाटले नव्हते, पण त्या महिन्यात ब्लाउजची शिलाई वाढवली होती. कुणी काही बोललं नव्हतं. डिझेल वाढलंय, असं मीच सांगितलं होतं.

मी घागरा पुन्हा ओढून घेतला. "शिलाई काय देशील?" मी विचारलं. "तू सांग."

ती बावरली. माझ्या तोंडाकडे, मग भिंतीवरच्या माझ्या दरपत्रकाकडे बघत राहिली. मी थांबले. शेवटी ती म्हणाली, "तुमी सांगाल ते."

मी टिकल्यांची पट्टी आधी उसवली आणि मग कात्री लावली.