करड्या कापडातले चेहरे

दिनकर गेल्याचं मला कॉलेजच्या शिपायाकडून कळलं. दुसऱ्या दिवशी शोकसभा झाली. प्राचार्यांनी त्याचा 'मानवी सौंदर्याचा मूलगामी अभ्यासक' असा गौरव केला. त्या अभ्यासाचं पुढे काय झालं हे सभेत फक्त मला ठाऊक होतं. मी मान खाली घालून बसलो, आणि लोकांनी ते दुःख समजून माझ्या पाठीवरून हात फिरवला...

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात दिनकर मानसशास्त्र शिकवायचा. कोणता चेहरा माणसाला सुंदर वाटतो आणि का, हे त्याला शोधायचं होतं. परदेशी पुस्तकांतले चेहरे दाखवून आपल्या मुलांना काय कळणार, म्हणून त्याने इथल्याच माणसांचे फोटो काढायचं ठरवलं. सगळे फोटो सारखे हवेत. खुर्ची ठरल्या खुणेवर, उजेड समोरून, केस मागे, साडी-दागिने झाकायला खांद्यावरून करडं कापड. हसायचं नाही. आणि कपाळ कोरं, कारण कुंकू दिसलं की बघणारा चेहरा सोडून तेच बघतो. मला हे बिनतोड वाटलं. मी मराठीचा मास्तर, शास्त्र म्हटलं की चटकन नमतो.

एकाहत्तरच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही फलटणजवळ त्याच्या थोरल्या बहिणीच्या सासरी गेलो. आईमागे सरूअक्कानेच त्याला वाढवलेलं. तिचा नवरा फौजेत, तेव्हा सीमेवर. अंगणात कॅमेरा लागला, बायका हौसेने जमल्या आणि कुंकवाचं ऐकताच एकेक मागे सरकली. भावाचा पडलेला चेहरा अक्काला बघवेना.

"आरं, माझा धनी तिकडं बंदुकीम्होरं हाय," ती हळूच म्हणाली.

"अक्का, दोन मिनिटांचं काम. लगेच लाव परत."

"तुज्यासाठनं पुसते. दुसरीला कुनाला म्हनू नगंस."

तिने पदराने कपाळ पुसलं. खांद्यावरचं कापड मीच सारखं केलं. तेवढ्यात तिची सासू गोठ्यातून आली. अक्काचं कोरं कपाळ दिसताच म्हातारी शेणाचे हात तसेच धरून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

युद्ध झालं, नवरा सुखरूप परत आला. तरी आळीतल्या हळदीकुंकवाला अक्काला बोलावणं येईना. नवरा सीमेवर असताना कपाळ पुसून मिरवणारी, असं तिचं नाव झालं होतं.

इकडे सांगलीत दिनकर वर्गात फोटो दाखवून मुलांकडून सौंदर्याचे गुण घेत होता. अक्काचा फोटो आला तेव्हा तासगावकडचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, ह्या बाईंचं नुकतंच कोन गेलंय का?" दिनकरने फोटो उलटा करून टेबलावर ठेवला. मग त्याने तास सोडून दिला. निर्विकार चेहरा म्हणून त्याने टिपली होती ती अक्काची भीती होती.

तो एसटीने थेट अक्काच्या गावी गेला आणि तिचा फोटो, निगेटिव्ह सासूसमोर चुलीत घातली. "जाळून काय व्हतंय, बापू?" म्हातारी म्हणाली. "आळीनं बगितलंय की." संशोधन तिथेच थांबलं. कारण प्रकृतीचं, असं प्राचार्यांनी परस्पर ठरवून टाकलं. भाऊबीजेला दिनकर दरवर्षी मला सोबत घेऊन अक्काकडे जायचा. ती ओवाळायची, पण सांगलीला चल म्हटलं की विषय बदलायची. परत येताना एसटीत तो मला विचारी, "अक्का येईल का रे कधी?" मी खिडकीबाहेर बघायचो.

ती आली, तो गेल्यावर. बायका दिनकरच्या बायकोला, मालतीवहिनींना घेरून बसल्या होत्या. त्यांतल्या एका जाणत्या बाईंचा हात वहिनींच्या कपाळाकडे गेला. अक्काने तो मनगटाशी धरला.

"ऱ्हाऊ द्या."

"अहो, रीत आहे."

"असंल. माज्या भावानं एकदा मला पुसाय लावलं. तवापास्नं दर भाऊबीजेला त्येचं त्वांड मी बगितलंय. त्येच्या घरात आता कुनाचं पुसायचं न्हाई."

परवा दिनकरची पुस्तकं परत करायला गेलो. दार वहिनींनी उघडलं. चेहऱ्याआधी माझी नजर त्यांच्या कपाळावर गेली. कुंकू होतं. माझी नजर कुठे गेली ते वहिनींनी पाहिलं, आणि बाजूला सरून "या" म्हणाल्या. त्याच्या टेबलाशी बसून मी चहा घेतला, पण तेवढ्या वेळात एकदाही मान वर करून वहिनींकडे पाहवलं नाही...