मालतीबाईंच्या लघवीतली साखर

मालतीबाईंचा लघवीचा रिपोर्ट वाचून मी खुर्चीतून उठलोच. पीएच पाच, म्हणजे लघवी चांगली आम्ल. आणि साखर तीन प्लस. रक्तातली शुगर मात्र अगदी नॉर्मल!

मी किडनीचा डॉक्टर. समता कॉलनीतल्या एका हॉस्पिटलात बसतो. मालतीबाई पुरानी बस्तीतल्या शिवणक्लासच्या बाई. सकाळी पाय उचलेनात म्हणून आणलेल्या. रक्तात पोटॅशियम फार कमी आणि आम्ल जास्त. पोटॅशियमचं सलाइन लगेच सुरू केलं, पण मूळ कारण सापडत नव्हतं.

किडनीत बारीक नळ्या असतात. त्यांच्या शेवटच्या भागातल्या पेशी रक्तातलं जास्तीचं आम्ल लघवीत ढकलतात. या पेशींनीच काम सोडलं असावं, असा माझा अंदाज होता. पण मग लघवी इतकी आम्ल कशी? आणि साखर? नळीची सुरुवात बिघडली, तर रक्तातली शुगर नॉर्मल असूनही साखर लघवीत गळते. हा आजार फार क्वचित दिसतो. मी मनातल्या मनात कॉन्फरन्सच्या स्लाइड बनवायला घेतल्या.

आमच्या मोठ्या मॅडमना रिपोर्ट दाखवला. त्या चहा पीत म्हणाल्या, "छान. सँपल परत घ्या. तुमच्यासमोर."

मी वॉर्डात गेलो. "बाई, लघवीचं सँपल पुन्हा द्यावं लागेल."

"पुन्हा म्हणजे?" मालतीबाई म्हणाल्या. "मी तर अजून दिलंच नाही जी."

बाजूच्या स्टुलावर त्यांचे यजमान, दिवाकरराव बसले होते. रेल्वेतून रिटायर झालेले. ते एकदम खिडकीबाहेर पाहू लागले.

"काका?"

"आता हिले उठता येत नव्हतं, डॉक्टरसाहेब. सिस्टर सारखी म्हणे, 'भैया, जल्दी दीजिए.' मंग मीच भरून देली बाटली. एकाच घरचं जेवतो ना आम्ही, काय फरक पडते?"

"अहो, पाय माहे गेले अन् तपासणी तुमची!" मालतीबाई कडाडल्या. "तुमची साखर माह्या माथी काहून मारून राहिले?"

"मले कुठं शुगर आहे?"

"आता आहे," मी म्हणालो. त्यांच्या बोटातून रक्त काढलं. होतीच, आणि भरपूर.

सिस्टरने बेडपॅन लावून मालतीबाईंचं खरं सँपल घेतलं. पीएच सात. रक्तात एवढं आम्ल साचलेलं, आणि लघवीत त्याचा पत्ता नाही. म्हणजे शेवटच्या पेशीच संपावर होत्या. पहिला अंदाज बरोबर होता. मीच तो सोडून स्लाइडच्या मागे धावलो होतो.

पोटॅशियम आणि आम्ल मारणारं औषध चालू राहिलं. तिसऱ्या दिवशी मालतीबाई स्वतःच्या पायांनी लिफ्टपर्यंत गेल्या. दिवाकरराव शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन मागून निघाले.

दुर्मिळ आजाराचं निदान करण्याआधी पेशंटच्या नवऱ्याची चौकशी करावी. हे आम्हाला कुठल्या पुस्तकात शिकवलं नव्हतं.