रेडिएटरातली हळद

त्या दुष्काळी सालात चुलतभावाचं वऱ्हाड घेऊन मी सोलापूरहून सांगोल्याला निघालो होतो. आमची पिकअप इतकी जुनी की तिच्यापुढं सोलापूरचा किल्ला कालचा वाटावा. मंगळवेढ्यापुढं रेडिएटर गळायला लागला आणि अशी वाफ उसळली की कुर्डुवाडीच्या रेल्वे इंजिनानं मान खाली घालावी. मुहूर्त चुकणार म्हणून नवरदेव रडकुंडीला आला.

रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडात एक मिस्त्री होता. उंच, पाठीत वाकलेला. प्रत्येक नट तो आधी बोटानं पुसायचा, लेकराचं नाक पुसावं तसा.

"बारीक चीर हाय," तो म्हणाला. "हळद घातली की बुजंल. हाय का गाडीत?"

"सगळी नवरदेवाला फासली की!" मी ओरडलो. वऱ्हाड खो-खो हसलं. तो हसला नाही. मागच्या खोलीतून त्यानं हळदीची भलीमोठी पिशवी आणली, मूठभर हळद पाण्यात कालवून रेडिएटरात ओतली आणि इंजिन चालू करायला सांगितलं. पिवळे थेंब थोडा वेळ गळले, मग थांबले.

"एवढी हळद? दुकान घालताय का काय, मिस्त्री?" माझी जीभ वळवळलीच.

"पोरीच्या लग्नाला आणली व्हती. हळद लागायच्या आदीच तापानं गेली." मग स्वतःचे तळवे बघत तो म्हणाला, "तिचे हात पिवळे करायचे व्हते. माजेच झाले की."

गाडी निघाली. मुहूर्त आता नक्की मिळणार होता. पण सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत कर्ण्यांना हरवणारा माझा आवाज बसला. नवरदेवानं आपले हळदीचे हात उपरण्याखाली घेतले.