चोळून बिघडवलेला विषाणू

कुजक्या फरसबीचा वास एकदा नाकात बसला की घास घशाखाली उतरत नाही. माझी पीएचडीची सगळी वर्षं त्याच वासात गेली. टोमॅटो वाळवणारा एक विषाणू माझ्या वाट्याला आला होता. तो टोमॅटोत असताना कोणती जनुकं चालवतो, भुईमुगात कोणती, आणि त्याला झाडाझाडांवर पोचवणाऱ्या फुलकिड्याच्या अंगात कोणती, एवढंच शोधायचं. म्हणायला एवढंच! फुलकिडे पाळायचे बरण्यांत, शेंगांवर. शेंगा सडायच्या, बुरशी धरायच्या, आणि जेमतेम दिसणारे ते पिवळट किडे ब्रशनं उचलता उचलता बाहीत शिरायचे. शी! अवधपुरीला घरी पोचले की आई दारातच अडवायची, "आधी आंघोळ. ती घाण माझ्या स्वयंपाकघरात नको."

टोमॅटो आणि भुईमुगाचे निकाल झकास आले. फुलकिड्यांत मात्र काहीच नाही. पुन्हा पाळले, पुन्हा रोगट पानांवर सोडले, पुन्हा तेच. माझे गाईड, आम्ही नुसते सर म्हणायचो, मान हलवून म्हणाले, "आपसे कीड़े नहीं सँभलते." कमिटीची बैठक तोंडावर आलेली. तिथे ते हेच बोलले असते तर पीएचडीवर पाणीच पडलं असतं.

मग मी किडे सोडले आणि विषाणूच तपासायला घेतला. आमच्या लॅबमध्ये तो कित्येक वर्षांपूर्वी शेतातून आणलेला. पण किडे पाळायचा कंटाळा! त्यामुळे रोगट पान खलात वाटायचं, रस निरोगी पानावर बोटानं चोळायचा, की विषाणू जिवंत. हा पायंडा सरांचाच. झाडातून झाडात चोळत गेलेल्या त्या विषाणूची किड्याशी गाठच पडली नाही, मग किड्यासाठी लागणारं सामान तो कशाला सांभाळेल? किड्याच्या आतड्यात शिरायला लागणारं जनुकच तुटलं होतं. किड्यांत दिसणार काय, कपाळ!

धावत जाऊन सरांना दाखवलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "हाँ, ऐसा होता है. मुझे अंदाज़ा था."

अंदाज होता! आणि मला त्या सडक्या बरण्यांत हात घालू दिले? वर किडे सांभाळता येत नाहीत म्हणून मलाच बोल? चोराच्या उलट्या बोंबा! इतकी किळस मला कुठल्या किड्याची आली नव्हती.

बैठकीत सरांनी सुरुवात केलीच, "लड़की मेहनती है, लेकिन कीड़े..." मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. तुटक्या जनुकाचं चित्र पडद्यावर लावलं आणि आमचा विषाणू कसा ठेवला जातो ते सांगून टाकलं. कमिटीतल्या ज्येष्ठ बाईंनी विचारलं, "आता काय करशील?" म्हटलं, शेतातून ताजा विषाणू आणीन, आणि यापुढे तो किड्यांमार्फतच वाढवीन. त्यांनी मुदत वाढवून दिली. पीएचडी वाचली.

बाहेर व्हरांड्यात सरांनी चहाचा कप माझ्या हातात दिला. "बेटा, इस पर तो बढ़िया पेपर बनेगा. मेरा नाम पहले रखना."

आयत्या बिळावर नागोबा!

"रख दूँगी सर," मी म्हटलं. "पर ये भी लिखना पड़ेगा कि वायरस बिगाड़ा किसने."

त्यांनी आपला चहा तसाच कठड्यावर ठेवला आणि पेपरचा विषय पुन्हा कधी काढला नाही.