तीन बोटांची फट

पाइनच्या फळ्यांचा ट्रक दारात थांबला तेव्हा एडुविना चिगुआय लसणाच्या वाफ्यात गुडघे टेकून तण काढत होती. ती उठली नाही.

"कोमाद्रे, तुझ्या वाटच्या फळ्या उतरवतोय गं!" रस्त्यावरून एरिबेर्तो ओरडला. तिच्या मुलीचा तो धर्मपिता, त्या नात्यानं ती त्याची कोमाद्रे आणि तो तिचा कोंपाद्रे; शिवाय गावसमितीचा अध्यक्ष. उन्हाळ्यात चिलोए बेटावर पाहुणे येतात, तेव्हा धक्क्यापासून चर्चपर्यंत सगळ्या बागांना एकसारखं, पांढरं, बंद फळ्यांचं कुंपण दिसावं असं समितीनं ठरवलं होतं.

"उतरवू नकोस, कोंपाद्रे. परत चढवताना तुलाच त्रास."

"अगं, फुकट आहेत!"

"फुकट म्हणून काय बागेची वाट लावून घेऊ? फळीला फळी चिकटवली की उत्तरेचा वारा तिला शिडासारखं धरतो. आणि आपल्या ओल्या मातीत पाइन चार वर्षांत कुजतं. मला सायप्रसचं हवंय, फटी ठेवलेलं."

"तुला बाईमाणसाला लाकडातलं काय कळतं?"

ट्रकवरचे दोघे हसले.

तिला कळत होतं. आई वारल्यावर बाप तिला होडीत घालून दक्षिणेच्या बेटांवर न्यायचा, सायप्रस तोडायला. नवव्या वर्षी ती पाचर मारून खोड सरळ चिरायला शिकली. पुढं नवरा मेंढ्यांची लोकर कातरायला पातागोनियात गेला, तो तिकडचाच झाला. तेव्हापासून घराचं छप्पर, कोंबड्यांचं खुराडं, सगळं तिनंच ठोकलं होतं. कुणी कीव केलेली मात्र तिला खपायची नाही.

"विचार कर," एरिबेर्तो म्हणाला. "समितीचं न ऐकणाऱ्याला उन्हाळ्याच्या जत्रेत माल विकायला जागा मिळणार नाही."

"नको देऊस."

समोरच्या छोट्या बेटावर तिच्या बापानं घातलेला मेंढवाडा मोडून पडला होता. ती होडी वल्हवत तिकडं गेली आणि पहारीनं एकेक खुंट उपटला. चाळीस वर्षं मातीत राहिलेलं लाकूड, पण कुऱ्हाड लागताच आतून पिवळंधमक निघालं, वासासकट. सहा खेपा झाल्या.

एरवी कुणाचं मोठं काम निघालं की सगळं गाव हात लावायला येतं, आणि घरचे जेवू घालतात. एडुविनानं बटाट्याचे मिल्काओ थाप थाप थापून ठेवले. कुणीच फिरकलं नाही. मासळीच्या कारखान्यातून तीन दिवसांची सुटी घेऊन आली ती फक्त लेक, मारिसेला. तीही कुरकुरतच.

"आई, कारखान्यातल्या बायका हसतात मला. घेऊन टाकायच्या ना त्या पांढऱ्या फळ्या!"

"हसू देत. तू खुंट सरळ धर."

मायलेकी तीन दिवस मिल्काओच खात होत्या. कुंपण उभं राहिलं तेव्हा दर दोन चिरफळ्यांमध्ये बरोबर तीन बोटांची फट होती. कोंबडी अडेल, वारा जाईल.

जुलैत, ऐन हिवाळ्यात, उत्तरेचा वारा दोन दिवस धिंगाणा घालून गेला. समितीचं पांढरं कुंपण तीन ठिकाणी आडवं झालं, आणि एरिबेर्तोच्या कुंपणाचा एक अख्खा तुकडा उडून एडुविनाच्या लसणावर येऊन पडला. तो न्यायला आला तेव्हा त्याची नजर आधी तिच्या दारावर गेली.

"तुझंही फाटक गेलं की!"

"गेलं. बिजागऱ्या जुन्या होत्या."

बाकीचं कुंपण जागचं हललं नव्हतं. एरिबेर्तोनं फटीत बोटं घालून पाहिली. त्याची दोनच गेली.

"किती ठेवलीस फट?"

"तीन बोटं. माझी. तुझी नव्हेत."

"समितीपुढं मला काही बोलता यायचं नाही, कोमाद्रे."

"बोल म्हणून कुणी सांगितलंय? माझ्या लसणावरून तुझ्या फळ्या उचल."

त्यानं त्या उचलल्या, आणि आठवड्याभरात पुन्हा आपल्या कुंपणाला तशाच ठोकून पांढऱ्या रंगवल्या. उन्हाळ्यात एडुविनाला जत्रेत जागा मिळाली नाही ती नाहीच. वर समितीचा माणूस निरोप घेऊन आला, की निदान कुंपणाला पांढरा रंग तरी द्या, फोटोत करडं दिसतं.

एडुविना उत्तर द्यायला पुढं येणार, तोवर मारिसेला फाटकाशी पोचलीही होती.

"आमचं कुंपण रंगवायचं नाहीये," ती म्हणाली. "आणि फोटो काढायचा असेल तर आधी आईला विचारायचं."