बारा जुन्या वस्तू आणि चार नव्या खुर्च्या

२०२३ साल होतं आणि मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो. म्हणजे कागदावर त्र्याहत्तर. मास्तरनं शाळेत घालताना अंदाजानं तारीख टाकली आणि चौथीनंतर मी शाळेकडं फिरकलोच नाही, त्यामुळं ती दुरुस्त करायची राहून गेली. घरातलं बाकी सगळं मी दुरुस्त केलेलं आहे.

पुढं जे झालं त्यात चूक माझी होती असं घरातले सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. मी जसं झालं तसं लिहितो.

माझी नात, मुलाची मुलगी, पुण्याला डिझाईन शिकते. आमच्या आष्टीच्या बाजूला डिझाईन म्हणजे साडीच्या काठाचं, नाहीतर ब्लाउजच्या पाठीचं. मी तिला विचारलं, "तू नेमकं काय शिकून राह्यली?"

"वस्तू कशा असाव्यात ते."

"कोणत्या वस्तू?"

"सगळ्या, आबा."

सगळ्या वस्तू शिकायच्या म्हणजे चार वर्षं लई कमी.

तिथं वर्ग नसतो, स्टुडिओ असतो. मास्तर एक काम देतात, पोरं ते दोन महिने जागून करतात, आणि मग मास्तर लोक येऊन त्याला नावं ठेवतात. याला प्रोजेक्ट म्हणायचं. त्या वर्षी सगळ्या प्रोजेक्टांचा विषय एकच होता, सस्टेनेबल.

"टिकाऊ म्हण की सरळ," मी म्हटलं.

"टिकाऊ वेगळं, आबा. हे पृथ्वीला परवडलं पाहिजे."

"आम्हाला नवं परवडत न्हवतं म्हणून आम्ही जुनंच जोडत बसलो. तेच झालं ना मंग?"

ती म्हणाली तसंच काहीसं, पण इंग्रजीत.

पहिल्या प्रोजेक्टात तिनं कापसाच्या पऱ्हाट्या, म्हणजे वाळलेल्या काड्या, बांधून स्टूल केलं. पऱ्हाट्या आमच्याच रानातून पोत्यात भरून नेल्या. मी बजावलं होतं, पऱ्हाटी चुलीला बरी, कुडाला बरी, माणसाच्या वजनाला नाही. तिनं फोटो पाठवला तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याला काय कळतंय, दिसतं तर झकास. तपासणीला तिचे सर त्याच्यावर बसले. सर अंगानं भरलेले. आधी सर बसले, मग स्टूल बसलं. पोरगी नापास झाली.

आता दुसरा प्रोजेक्ट गेला की वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं की माझ्या मुलानं तिला सांगूनच ठेवलं होतं, "सामान बांधून घरी यायचं. परतूरला बी.ए.ला नाव घालतो." मुलगा माझ्यावर गेलाय. एकदा बोलला की मागं घेत नाही. पोरीला हे बराबर माहीत होतं.

दिवाळीला ती आली ती दुसऱ्या प्रोजेक्टासाठी वही आणि मोजायची टेप घेऊन. फराळाला हात लावायच्या आधी घरभर फिरली आणि मी जोडलेल्या बारा वस्तू ओसरीत ओळीनं मांडल्या. तीनदा बूड बदललेली बादली. दांड्याला तार गुंडाळलेलं खोरं. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी विणलेलं लाकडी स्टूल. झाळ मारलेली पितळी घागर, जिच्यात तीस वर्षं पाणी भरलं आणि एक थेंब गळाला नाही. प्रत्येकीला तिनं दोऱ्यानं पुठ्ठ्याचा नंबर बांधला. ओसरी जनावराच्या दवाखान्यासारखी दिसायला लागली, नुसते कानाला बिल्ले.

"हे कधी तुटलं, आबा?"

"तुझा बाप सहावीत असताना. त्यानंच तोडलं."

"मग टाकून का नाही दिलं?"

"बापाला टाकलं का?"

ती हसली आणि तेही लिहून घेतलं. आठ दिवस ती बसून होती. प्रत्येक वस्तूचं चित्र काढलं, कुठं तुटली, कशानं जोडली, कोणी जोडली. कोणी जोडलीच्या पुढं बाराही ठिकाणी माझंच नाव आलं. मला हे बिलकुल वाईट वाटलं नाही.

जाताना म्हणाली, "महिन्यानं आमच्या मॅडम आणि सर इथं बघायला येतील. एक रात्र राहतील. तोवर या बारा वस्तूंना कोणी हात लावू नका. आबा, तुम्हीपण."

इथं मी आमच्या घरातली एक रीत सांगितली पाहिजे. माझ्या आईनं घातलेली. सांधलेली वस्तू घरच्याला, धड वस्तू पाहुण्याला. कान तुटलेल्या कपात मी चाळीस वर्षं चहा पितोय, पण तो कप पाहुण्यापुढं गेला असं एकदाही झालं नाही. ज्या दिवशी घरात धड कप नव्हता त्या दिवशी आईनं पाहुण्याला चहाच नाही विचारला. दूध नासलं म्हणाली.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी ओसरीत उभा राहून त्यांच्या नजरेनं बघितलं. पुण्याहून दोन शिकलेली माणसं गाडी करून येणार, पोरीच्या वर्षाचा फैसला करणार, आणि त्यांच्यापुढं आम्ही काय मांडलंय? फुटकी बादली. तारेचं खोरं. आणि वर नंबर, म्हणजे एखादं दारिद्र्य नजरेतून सुटायला नको. हे बघून ते पोरीला पास करतील? असल्या घरची पोर म्हणून नाकच मुरडतील.

तेवढ्यात भंगारवाल्याचा छोटा टेम्पो भोंगा वाजवत गल्लीत आला. मी त्याला हाक मारली.

सून आतून धावत आली. "मामा, पोरगी हात लावू नका म्हणली होती."

"पोरीला काय कळतंय. तिची लाज राखतोय मी."

"ती लाज म्हणत न्हाई त्याला, प्रोजेक्ट म्हणती."

"तू आत जा, उद्याच्या पुरणाची डाळ निवड."

ती गेली, पण जाताना भांडं आपटून गेली. लोखंड, पितळ, प्लास्टिक भंगारवाल्यानं नेलं. नंबर तेवढे काढून कोनाड्यात ठेवले, म्हटलं पोरीचे पुठ्ठे आहेत, उपयोगी पडतील. लाकडी स्टूल त्यानं घेतलं नाही. ते मी स्वतः कुऱ्हाडीनं फोडून पाणी तापवायच्या चुलीपाशी रचलं. मग आष्टीला जाऊन चार लाल प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या, कंपनीचा कागद चिकटलेल्या. कागद काढला नाही. नवी आहे हे दिसलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी चार वाजता गाडी आली. आधी मॅडम उतरल्या, खादीची साडी, खांद्याला गोधडीच्या तुकड्यांची पिशवी. मला वाईट वाटलं, बाईला धड पर्स नाही. मग सर उतरले. स्टुलावर बसलेले तेच सर. मागून नात, हातात चित्रांची गुंडाळी. ती ओसरीच्या पायरीवर आली आणि तिथंच थांबली.

"आबा, वस्तू कुठं?"

मी मॅडमकडं बघून सांगितलं, "भंगारात दिल्या. आमच्याकडं असलं फुटकंतुटकं ठेवत न्हाईत, मॅडम. बसा."

सर बसले. नवी खुर्ची, चांगली जाड. सरांनी मागं टेकून फक्त एकदा अंग हलवलं आणि मागचा पाय करकन चिरला. पडले नाहीत, सवय झाली असावी. उठून भिंतीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "काही हरकत नाही."

नातीनं भंगारवाल्याला फोन लावला. फोनमधून त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. "ताई, तो माल कालच जालन्याला उतरवला. लोखंड तर भट्टीला गेलं असंल. आता सळई होऊनच येईल."

सर हळूच मॅडमना म्हणाले, "तसं बघितलं तर हेही सस्टेनेबलच झालं." मॅडम हसल्या नाहीत. नातीला म्हणाल्या, "चित्रं चांगली आहेत. पण हा विषय वस्तू हातात घेऊन बघायचा होता. नुसत्या चित्रांवर मला तुला पास करता येणार नाही. आम्ही सकाळी दहाला दुसऱ्या एका प्रोजेक्टसाठी जाफराबादला निघणार आहोत. तोवर एखादी तरी दाखव."

"एकही नाही उरली, मॅडम," नात म्हणाली.

मॅडम हातपाय धुवायला गेल्या तेव्हा ती माझ्याजवळ आली. रडली असती तर मी रागावलो तरी असतो. ती हळू आवाजात म्हणाली, "आबा, माझं वर्ष होतं ते."

"तुझ्याच पाहुण्यांसाठी खुर्च्या आणल्या ना," मी म्हटलं.

"त्यांना खुर्च्या बघायच्या नव्हत्या."

मुलगा संध्याकाळी रानातून आला, त्याला सगळं कळलं. पोरीला एवढंच म्हणाला, "परतूरचं कॉलेज वाईट न्हाई." पुरणपोळी सगळ्यांनी खाल्ली. सरांनी चार खाल्ल्या. पोरीनं अर्धी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा उठलो. सुनेनं चूल पेटवली, आणि मॅडमनी मी फोडलेल्या नंबर सातच्या स्टुलावर तापलेल्या पाण्यानं आंघोळ केली. पाणी छान होतं म्हणाल्या. मी ओसरीत आलो तर ती चिरलेली खुर्ची भिंतीला उलटी टेकवलेली. एका दिवसाची खुर्ची. तिला तसं बघवेना. माफी-बिफी काही माझ्या मनात नव्हतं, हे लिहून ठेवतो. खुर्ची तुटली होती, एवढंच.

पोती शिवायचा दाभण घेतला, पकडीत धरून चुलीत लाल केला. चिरेच्या दोन्ही बाजूंनी भोकं पाडली. त्यातून तार ओवून टाके घातले, ओढून पीळ दिला. ठिबकची जुनी नळी परसात होती, तिचा वीतभर तुकडा उभा चिरून पायावर चढवला आणि वरून पुन्हा तार. एक हात कमी पडत होता. तेवढ्यात खुर्ची कोणीतरी धरली. वर बघितलं तर नात होती. तिनं खुर्ची गुडघ्यांत दाबून धरली, मी सांगायच्या आधी तार कापून हातात दिली. दिवाळीचे आठ दिवस नुसतं लिहीत नव्हती तर.

मॅडम कधी दारात येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. ओल्या केसांनी, वही हातात.

"आजोबा, हे कोणाकडून शिकलात?"

"शिकायचं काय त्यात. तुटलं की कळतं."

त्यांनी वाकून टाक्यांवरून बोट फिरवलं. नळीचा तुकडा ओढून बघितला, हलला नाही. वहीत बरंच काहीतरी लिहिलं. मग नातीला विचारलं, "तुझे ते नंबर शिल्लक आहेत?"

मी कोनाड्याकडं हात केला. नातीनं त्यातला एक पुठ्ठा आणला आणि खुर्चीच्या पायाला बांधला. तिची बोटं तारेनं काळी झाली होती.

"जाफराबादला उशिरा गेलं तर चालेल," मॅडम सरांना म्हणाल्या. "आपण हिचं इथंच बसून बघू."

बसायचं म्हटल्यावर मी तीन धड खुर्च्यांकडं बघितलं. कंपनीचा कागद अजून तसाच होता. मग तारेच्या टाक्यांची ती खुर्ची उचलली, पाहुण्यांसाठी अंथरलेल्या घोंगडीवर सरळ ठेवली, मुंडाशाच्या टोकानं पुसली आणि मॅडमच्या पुढं सरकवली.

"बसा," म्हटलं.

त्या बसल्या. सर उभेच राहिले.